ए की ॲन? आधी शब्द देवनागरीत लिहून बघा

मागच्या अंकात आपण वाचकांना विचारलं होतं की इंग्रजी लिहिताना नेमकं कुठे अडतं ते कळवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर फोटो काढून वह्यांची पानंच आली, आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली दिसली, ती म्हणजे 'ए' आणि 'ॲन'. एवढेसे दोन शब्द पण बीए झालेला माणूससुद्धा तिथे थबकतो. त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्यालाच देते. मी मराठी माध्यमाच्या शाळेत खूप वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे प्रश्न माझ्या अगदी ओळखीचे आहेत.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे. आम्हाला पाठ करून घेतलंय की ए, ई, आय, ओ, यू हे स्वर, त्यांच्याआधी ॲन लावायचं. मी चाचणीत 'ॲन युनिफॉर्म' लिहिलं तर चूक दिली आणि 'ए अवर' लिहिलं तर तेही चूक. मग नियम खोटा आहे का? (बार्शी)

नियम खोटा नाही रे, तो तुला अर्धाच सांगितलाय. ए-ई-आय-ओ-यू ही अक्षरं झाली, आणि ए की ॲन हे अक्षरावर ठरतच नाही, ते आवाजावर ठरतं. पुढचा शब्द तोंडातून बाहेर पडताना पहिला आवाज स्वराचा असेल तर ॲन, व्यंजनाचा असेल तर ए. स्पेलिंग काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते जी इंग्लंडमधल्या मुलाला मिळत नाही आणि तुला फुकट मिळालीय. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात एक, पण आपली देवनागरी जसं बोलतो तशी लिहिली जाते. म्हणून अडलास की तो इंग्रजी शब्द देवनागरीत लिही आणि पहिलं अक्षर बघ. युनिफॉर्म, पहिलं अक्षर य, य हे व्यंजन, म्हणून 'ए युनिफॉर्म'. तासाला काय म्हणतात, अवर, पहिलं अक्षर अ, म्हणून 'ॲन अवर'. स्पेलिंगमध्ये एच आहे पण तो मुका आहे, देवनागरीत तो येतच नाही. ऑनेस्टचं तसंच, म्हणून 'ॲन ऑनेस्ट मॅन'. युरोपियनचं स्पेलिंग ई ने सुरू होतं पण आपण लिहितो य, म्हणून 'ए युरोपियन'. वन-रुपी कॉइनमधला वन ओ ने सुरू होतो पण आपण लिहितो व, म्हणून 'ए वन-रुपी कॉइन'. अंब्रेला आणि अंकल यांचंही स्पेलिंग यू नेच आहे, पण देवनागरीत अ येतो, तर तिथे ॲन. एकच यू, कधी 'अ' वाजतो कधी 'यू', आणि देवनागरी हा फरक आपोआप दाखवते.

फक्त दोन ठिकाणी सांभाळ. एक म्हणजे आपण 'हॅपी न्यू इयर' असं इ ने लिहितो आणि तसंच बोलतो, त्यामुळे वर्षाला 'ॲन इयर' लिहावंसं वाटतं. खरा उच्चार यीअर असा य पासून आहे, म्हणून 'ए यीअर'. कानाला म्हणतात इअर, तिथे मात्र 'ॲन इअर'. दुसरं म्हणजे गावाकडे आपण एस.टी.ला यष्टी म्हणतो, एम.ए.ला यम्.ए. म्हणतो. माझी आजी शेवटपर्यंत यष्टीच म्हणायची आणि ते कानाला गोड लागायचं, पण आर्टिकल, म्हणजे हे ए-ॲन, ठरवताना प्रमाण उच्चार घ्यायचा, एस.टी., म्हणून 'ॲन एस.टी. बस'.

आणि हो, आर्टिकल त्याच्या लगेच पुढच्या शब्दाकडे बघतं, नामाकडे नाही. 'ॲन ॲपल' पण 'ए रेड ॲपल'. 'ए मॅन' पण 'ॲन ओल्ड मॅन'. चाचणीत गुण जातात ते बऱ्याचदा इथेच, कारण मुलं सरळ नामावर उडी मारतात.

प्रश्न : मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. एफआयआर, एमएलए, यूपीआय असल्या शॉर्टफॉर्मच्या आधी काय लावायचं यात रोज गोंधळ होतो. साहेब म्हणतात एफ हे व्यंजन आहे, मग ए लाव. (सातारा)

ताई, एफ हे अक्षर व्यंजन आहे पण त्याचं नाव 'एफ' असं ए ने सुरू होतं ना, आणि आपण नावच उच्चारतोय. म्हणून 'ॲन एफआयआर'. इथे पण देवनागरीचीच युक्ती. एबीसीडीतल्या 26 अक्षरांपैकी 12 अक्षरांची नावं स्वराने सुरू होतात, ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस आणि एक्स. यातलं अक्षर पहिलं असेल आणि शॉर्टफॉर्म एकेक अक्षर सुटं वाचत असू, तर ॲन. म्हणून ॲन एमएलए, ॲन आरटीओ एजंट, ॲन एलपीजी सिलिंडर, ॲन एनआरआय, ॲन एक्स-रे, ॲन एसएमएस. यू मात्र या यादीत नाही, ते वाजतं य ने, म्हणून 'ए यूपीआय पेमेंट' आणि 'ए यूपीएससी कँडिडेट', पण 'ॲन एमपीएससी कँडिडेट'. एकाच घरात दोन भावंडं दोन परीक्षांना बसली असतील तर एकाला ए आणि एकाला ॲन!

पण काही शॉर्टफॉर्म आपण सुटे वाचतच नाही, अख्खा शब्द करून टाकतो. म्हाडाचं स्पेलिंग एम ने सुरू होतं पण कुणी एम-एच-ए-डी-ए म्हणत बसत नाही, म्हाडाच म्हणतात, म्हणून 'ए म्हाडा फ्लॅट'. त्याच एम चं एमआयडीसी मात्र आपण सुटं वाचतो, तर 'ॲन एमआयडीसी प्लॉट'. तसंच 'ए नीट स्टुडंट' पण 'ॲन एनसीसी कॅडेट', 'ए सिम कार्ड' पण 'ॲन एसबीआय अकाउंट'. लिहिण्याआधी एकदा पुटपुटून बघा, कायद्याच्या कागदावर तर नक्कीच. आकड्यांनाही हेच लागू आहे, 8, 11, 18 आणि 80 यांच्याआधी ॲन, कारण एट, इलेव्हन, एटीन, एटी. त्यामुळे अर्जात 18 वर्षांचा मुलगा लिहायचा तर 'ॲन 18-यीअर-ओल्ड बॉय', आणि शंभराच्या नोटेला हंड्रेडचा ह, म्हणून 'ए 100-रुपी नोट'.

प्रश्न : इंटरव्ह्यूमध्ये मी 'माय फादर इज फार्मर' म्हणालो, तर समोरचे सर म्हणाले 'ए' कुठाय? मराठीत तर आपण 'माझे वडील शेतकरी आहेत' म्हणतो, एक शेतकरी आहेत असं नाही म्हणत. (हिंगोली)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि चूक होण्याचं कारणही तेच आहे. मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही, हिंदीत नाही, संस्कृतात नव्हता, रशियन-जपानीतही नाही, त्यामुळे ते लोकसुद्धा इंग्रजी शिकताना आपल्यासारखेच इथे अडखळतात. आपलं नाम एकटं उभं राहू शकतं, शेतकरी आहेत, बास. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा असं उघड्यावर राहत नाही, त्याच्याआधी ए, ॲन, द, माय, धिस असं काहीतरी लागतंच. पेशा सांगताना तर हमखास. 'माय फादर इज ए फार्मर', 'माय सिस्टर इज ॲन इंजिनीअर', 'आय ॲम ए कॉमर्स ग्रॅज्युएट'. अनेकवचन केलं की ए गळतं, 'माय पेरेंट्स आर फार्मर्स'.

एक अपवाद सांगून ठेवते. एकाच वेळी एकच माणूस बसतो असं पद असेल तर ए चालत नाही. आई गावची सरपंच असेल तर 'माय मदर इज सरपंच ऑफ अवर व्हिलेज' किंवा 'द सरपंच', कारण गावाला सरपंच एकच. 'ए सरपंच' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल कुठल्यातरी गावच्या असतील. आणि 'आय ॲम बीए' म्हणू नका, ती पदवी आहे, तुम्ही नाही, 'आय हॅव ए बीए' म्हणा.

वडील शेतकरी आहेत हे तुम्ही इंटरव्ह्यूत पहिल्या वाक्यात सांगितलंत याचं मला फार बरं वाटलं. पुढच्या वेळी ए सकट सांगा.

प्रश्न : ऑफिसमध्ये मी बॉसला मेल केला, 'आय हॅव ए वर्क ॲट होम'. एका मुलीने सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. पण काम तर एकच होतं, मग ए का नको? (ठाणे)

सगळ्यांसमोर दुरुस्त करायला नको होतं तिने, पण चूक आहे खरी, आणि ही चूक मराठी माणसाची खास ओळख आहे म्हटलं तरी चालेल. कारण आपल्याकडे 'एक काम होतं तुझ्याकडे' हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोललं जातं आणि आपण ते जसंच्या तसं इंग्रजीत ठेवतो.

हे समजायला स्वयंपाकघरात जावं लागतं. तुम्ही शेजारणीकडे 'एक पीठ दे' म्हणता का? नाही. 'वाटीभर पीठ दे' म्हणता. मीठ चिमूटभर, पोहे मूठभर, दूध पेलाभर. पीठ मोजता येत नाही, पिठाची वाटी मोजता येते. म्हणजे मोजायच्या आणि न मोजायच्या नामांचा फरक मराठीतही आहे, पूर्ण आहे, आपल्याला तो कुणी शिकवावा लागला नाही. गोची एवढीच आहे की कुठलं नाम पिठासारखं धरायचं हे दोन्ही भाषांनी वेगवेगळं ठरवलंय. काम आपण लाडवासारखं मोजतो, एक काम, दोन कामं. इंग्रजी वर्कला पीठ समजते. म्हणून 'आय हॅव सम वर्क ॲट होम'. सल्ला आपण मोजतो, ॲडव्हाइस हे पीठ. बातमी आपण मोजतो, न्यूज हे पीठ. माहिती मात्र आपल्याकडेही पीठच आहे बघा, 'दोन माहित्या दे' आपण म्हणत नाही, तरीही इंग्रजी लिहिताना 'ॲन इन्फर्मेशन' आणि 'इन्फर्मेशन्स' लिहितो. फर्निचर, लगेज, होमवर्क, इक्विपमेंट, नॉलेज हे सगळं त्याच डब्यातलं. यांना ए-ॲन नाही आणि अनेकवचनाचा एसही नाही.

मोजायचंच असेल तर वाटी आणा. 'ए पीस ऑफ ॲडव्हाइस', 'ए पीस ऑफ न्यूज', 'ए लोफ ऑफ ब्रेड', 'ए बार ऑफ सोप', 'ए पीस ऑफ चॉक'. हा पीस म्हणजे इंग्रजीची वाटी.

आणि यात एक गंमतीचा भाग आहे जो मला शिकवताना फार आवडायचा, की काही शब्दांना ए लावलं की वस्तूच बदलते. आयर्न म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. ग्लास म्हणजे काच, 'ए ग्लास' म्हणजे पेला. पेपर म्हणजे कागद, 'ए पेपर' म्हणजे वर्तमानपत्र नाहीतर परीक्षेचा पेपर. चिकन म्हणजे ताटातलं, 'ए चिकन' म्हणजे अख्खी कोंबडी. वर्कचंही तसंच, 'ए वर्क ऑफ आर्ट' म्हणजे कलाकृती, तिथे ए बरोबर. तुमच्या मेलचा अर्थ काटेकोरपणे काढला तर घरी एखादं पेंटिंग आहे असा होईल.

प्रश्न : 'ए फ्यू' आणि नुसतं 'फ्यू' यात फरक काय? दोन्हीचा अर्थ थोडेच ना? (कोल्हापूर)

फरक मोठा आहे, आणि मराठीत तो पटकन कळतो. 'आय हॅव ए फ्यू फ्रेंड्स इन पुणे' म्हणजे पुण्यात माझे चार मित्र आहेत. हे चार म्हणजे मोजून चार नव्हेत, आपण 'चार लोक जमले', 'चार पैसे मिळाले' म्हणतो तसे चार, आहेत या बाजूचे. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स इन पुणे' म्हणजे पुण्यात मला मित्र असे फारसे नाहीतच, नाहीत या बाजूचं. एका ए ने वाक्य दुःखाकडून सुखाकडे जातं. 'ए लिट्ल' आणि 'लिट्ल' यांचंही हेच, फक्त ते पैसा-पाणी-वेळ असल्या न मोजायच्या गोष्टींना.

प्रश्न : औषधाच्या चिठ्ठीवर 'ट्वाइस ए डे' का लिहितात? इथे ए म्हणजे 'एक' कसं? (जळगाव)

इथे ए म्हणजे आपला 'ला' किंवा 'तून'. दिवसातून दोनदा, ट्वाइस ए डे. किलोला साठ रुपये, सिक्स्टी रुपीज ए किलो. तासाला ऐंशी किलोमीटर, एटी किलोमीटर्स ॲन अवर. मंडईत भाव सांगताना आपण नुसतं 'साठ रुपये किलो' म्हणतो, प्रत्ययही गाळतो, इंग्रजीत मात्र तिथे ए लागतोच.

प्रश्न : मी 74 वर्षांचा निवृत्त माणूस. आमच्या वेळी पाचवीला एबीसीडी सुरू व्हायची, पण व्याकरण घोटून घेत. मुळात एकाच अर्थाचे दोन शब्द, ए आणि ॲन, आले कुठून? आणि जुन्या पुस्तकांत 'ॲन हिस्टॉरिकल' असं छापलेलं मी वाचलंय, ते चूक का? (चिंचवड)

काका, तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 सालापासून, पण मूळ काय ते विचारणारं पोरगं मला वर्गात क्वचितच भेटलं.

आपल्याला वाटतं मूळ शब्द ए आणि त्याला न चिकटवून ॲन केला. झालंय उलटं. जुन्या इंग्रजीत एक या अर्थाचा शब्द होता 'आन'. त्याचीच पुढे दोन रूपं झाली, ठासून मोजायचं ते 'वन' झालं आणि हळू आवाजात नुसतं येऊन जाणारं ते 'ॲन'. मग पुढे व्यंजन आलं की न बोलायला जड जाई म्हणून तो गळला आणि उरलं 'ए'. स्वर आला की न टिकला, कारण दोन स्वर शेजारी आले की जीभ अडते. आपल्याकडे स्वराला स्वर भिडला की संधी होतो, त्यांनी मध्ये न राखून ठेवला, अडचण तीच. म्हणजे ए, ॲन आणि वन ही तिन्ही एकाच घरातली, आणि आपल्या गोष्टीतला 'आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता' यातला एक अगदी तेच काम करतो. तो राजे मोजायला नसतो, नवा माणूस गोष्टीत आणायला असतो. पुढच्या वाक्यात आपण 'त्या राजाला दोन राण्या होत्या' म्हणतो, तिथे इंग्रजीत 'द किंग' येतं. मुलांना ए आणि द शिकवायला मला यापेक्षा सोपं काही सापडलं नाही.

त्या न मुळे शब्दांच्या सीमासुद्धा हलल्या. ॲप्रन हा शब्द मुळात 'नॅप्रन' होता, 'ए नॅप्रन' ऐकता ऐकता लोकांनी 'ॲन ॲप्रन' केलं. क्रिकेटचा अंपायर मुळात 'नूंपेर' असा काहीसा होता, म्हणजे जोडीत नसलेला तिसरा माणूस, त्याचाही न आर्टिकलने पळवला. उलटंही झालं, टोपणनावाचा निकनेम मुळात 'ॲन एकनेम' होता, त्यातला 'एक' म्हणजे आपला आकडा नव्हे, जादाचं, तर ॲनमधला न उडून एकनेमला चिकटला आणि 'ए निकनेम' झालं. ऑरेंजची कथा थोडी वेगळी, तो शब्द आपल्या संस्कृत नारंगपासून फारसी, अरबी करत युरोपात गेला, पण त्याचा न इंग्रजीत पोचायच्या आधीच तिकडच्या भाषांत गळला. आपल्या नारिंगी रंगात तो न अजून आहे.

'ॲन हिस्टॉरिकल' चूक नव्हतं. त्या शब्दात जोर 'टॉ' वर पडतो, त्यामुळे सुरुवातीचा ह दुबळा होतो आणि पूर्वी बरेच जण तो उच्चारतच नसत, मग ॲनच येणार. आता ह स्वच्छ उच्चारतात, म्हणून 'ए हिस्टॉरिकल' जास्त दिसतं. नातवंडांना परीक्षेसाठी ए सांगा, जुनं पुस्तक मात्र दुरुस्त करू नका.

प्रश्न : इंग्रजी पेपरच्या मथळ्यांमध्ये ए-ॲन नसतातच, मग आम्हीच का लावायचे? (परभणी)

मथळ्यात जागा कमी असते म्हणून ते गाळतात. खालची बातमी वाचा, सगळे ए-ॲन जागेवर सापडतील.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. व्हिडिओ कॉलवर मी नातीला सांगत होते की तुळस इज ए हर्ब, तर ती म्हणाली, 'आजी, ॲन अर्ब'. मला शाळेत हर्बच शिकवलं होतं. नात चुकतेय की मी? (पुणे)

आजी, दोघीही बरोबर आहात. ब्रिटिश उच्चारात ह वाजतो, हर्ब, म्हणून 'ए हर्ब', आणि आपल्याकडे तेच शिकवतात. अमेरिकेत तो ह मुका आहे, अर्ब, म्हणून 'ॲन अर्ब'. दोन्ही शब्द देवनागरीत शेजारी शेजारी लिहून पुढच्या कॉलवर नातीला दाखवा, ह कुठे आहे आणि अ कुठे ते तिला लगेच दिसेल, आणि तेवढ्या निमित्ताने दोन अक्षरंही गिरवून होतील तिची.